संत गाडगेबाबा : बेघरांचा आसरा, मुक्या जनावरांचा सोबती



येत्या २० डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी आहे. आगमनकाळात आपल्या चर्चच्या पत्रकात गाडगेबाबा कसे, असा प्रश्न काहींना पडेल. शाळेतल्या मुलांना विचारले तर ती हातात खराटा घेतलेल्या, दाढी वाढलेल्या, चिंध्या पांघरलेल्या म्हाताऱ्याचे चित्र सांगतील आणि ग्रामस्वच्छता अभियानाचे नाव घेतील. तेवढ्यावर त्यांचा धडा संपतो. पण गेले काही आठवडे आपल्या पॅरिशमध्ये ज्या एका प्रश्नावर मिस्सानंतर आवारात चर्चा चालली आहे, त्या प्रश्नाच्या अगदी जवळून गेलेले आयुष्य शोधायला बसलो तेव्हा आम्हाला दूर रोमला जावे लागले नाही. ते विदर्भात सापडले आणि त्या आयुष्यातला सर्वांत कठीण क्षण तर आपल्याच जिल्ह्यात घडलेला निघाला. तो प्रश्न कोणता, ते पुढे येईलच. आधी बाबांचे चरित्र पाहू.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव या खेड्यात, परीट कुटुंबात. वडील झिंगराजी दारूच्या पायी गेले, तेव्हा डेबू लहान होता. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी, भावाच्या आश्रयाला आली. म्हणजे ज्या माणसाने पुढे महाराष्ट्रभर बेघरांसाठी छपरे उभी केली, त्याचे स्वतःचे बालपण दुसऱ्याच्या छपराखाली गेले. मामाच्या घरी पोसला जाणारा पोरका मुलगा काय करतो हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. त्याला कोणी शाळेत घालत नाही. पहाटे उठायचे, गोठा झाडायचा, शेण काढायचे, गुरे रानात न्यायची आणि दिवेलागणीला परत आणायची. डेबूने हे सारे केले, आणि आवडीने केले. पुढे त्याच हातांना नांगर आला, शेतीतला तो गावातला नावाजलेला गडी झाला.

मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. अंगठे कशावर घेतले हे निरक्षर शेतकऱ्याला कळले नाही, आणि कळले तेव्हा उशीर झाला होता. मामा त्या धक्क्यातून उठले नाहीत. सावकार जमिनीचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण डेबूजी नांगर सोडून बाजूला झाला नाही, तो सावकारालाच सामोरा गेला. ही हकीकत चरित्रकार मोठ्या रंगाने सांगतात. आम्हाला त्यात वेगळी गोष्ट दिसते. शेतकऱ्याच्या घरावर जप्ती येते तेव्हा घर, शेत आणि बैलजोडी ही तीन निरनिराळी दुःखे नसतात. ज्याने जनावराला आपल्या हाताने वैरण घातली आहे त्याला छप्पर जाणे आणि दावे सुटणे यांत फरक करता येत नाही. डेबूजीने हे लहानपणीच पाहिले, आणि पुढे त्याने जे बांधले त्यात या पाहण्याची खूण आहे असे आम्हाला वाटते.

१८९२ च्या सुमारास त्यांचे कुंताबाईंशी लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला नातेवाईक जमले. त्या काळी त्या समाजात बारसे म्हणजे बकरे आणि दारू हा ठरलेला बेत. वडिलांचा दारूने झालेला अंत ज्याच्या डोळ्यांसमोर होता त्या डेबूजीने पंगतीला गोडाचे जेवण वाढले. जमलेली मंडळी रागावली, जातीची रीत मोडली म्हणून बोलली. डेबूजी बदलला नाही. मुक्या प्राण्याचा जीव आणि गरिबाचा पैसा, दोन्ही एकाच पंगतीत वाया जातात हे त्याला तेव्हाच कळले होते.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे, घरचे सारे झोपेत असताना, डेबूजी घरातून बाहेर पडला. अंगावर फाटके कपडे, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. आई, बायको, मुले मागे राहिली. संतांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी उजळ रंगात येतो. आम्हाला मात्र तो वाचताना कुंताबाईंची आठवण आल्याशिवाय राहत नाही. सकाळी उठून त्यांनी काय पाहिले असेल? ज्याने हजारोंना आसरा दिला त्याने आपल्या घराचा आधार काढून घेतला होता, हे सत्य कोणत्याही भक्तीने पुसता येत नाही. चरित्र सांगायचे तर तेही सांगितले पाहिजे.

त्यानंतरची सुमारे बारा वर्षे हा माणूस बेघर होता. आपण बेघर हा शब्द ज्या अर्थाने वापरतो त्याच अर्थाने. झाडाखाली, नदीकाठी, देवळाच्या ओट्यावर, जिथे रात्र होईल तिथे निजायचे. नाव सांगायचे नाही, गाव सांगायचे नाही. कोणी चिंधेबुवा म्हटले, कोणी गोधडेबुवा, आणि गाडग्यामुळे गाडगेबुवा हे नाव चिकटले. त्याच गाडग्यात पाणी प्यायचे, त्यातच मिळालेली भाकरी खायची, आणि उन्हात तेच डोक्यावर पालथे घालायचे. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. पोरे मागे लागत, कुत्री भुंकत, गावकरी वेडा समजून हाकलून देत. रस्त्यात कोणाची गाडी चिखलात रुतली असेल तर खांदा लावायचा, शेतात कोणी राबत असेल तर बरोबरीने राबायचे, आणि आभार मानायच्या आत पुढचा रस्ता धरायचा. फुकटची भाकरी नको, आधी काम, हा त्यांचा नियम होता. गावात शिरले की हातातला खराटा चालू लागे.

या बारा वर्षांत त्यांनी जे शिकले ते कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. आम्ही सेमिनारीत तत्त्वज्ञानाची तीन वर्षे काढली, माणूस म्हणजे काय यावर प्रबंध वाचले. पण ज्याच्याकडे दार नाही त्याच्याशी लोक कोणत्या आवाजात बोलतात, हे आतून ज्याने ऐकले त्याचे ज्ञान निराळे. बाबांना कळले की बेघर माणसाला जागा देताना देणारा नेहमी आधी एक चाळण लावतो. तुझी जात कोणती? तू नीट दिसतोस का? तुला रोग आहे का? तुझ्याबरोबर कोण आहे? प्रत्येक प्रश्नागणिक ओट्यावरची माणसे कमी होत जातात, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच शेवटी बाहेर राहतो.

म्हणून पंढरपुरात त्यांनी पहिली मोठी धर्मशाळा बांधली ती चोखामेळ्याच्या नावाने, १९१७ साली. वारीला लाखो माणसे येत. त्यांच्यासाठी पंढरपुरात मठ आणि धर्मशाळा कमी नव्हत्या. पण महार वारकऱ्याला त्यांत पाय ठेवता येत नव्हता. विठ्ठलाच्या ओढीने दोनशे मैल चालून आलेला माणूस वाळवंटात, पावसात, चिखलात निजत होता. ज्याला कुठेच जागा नाही त्याच्यापासून सुरुवात करायची, ही बाबांची रीत होती. स्वतः ते पंढरीला जाऊनही देवळात शिरत नसत. वाळवंट झाडत, आंधळ्यापांगळ्यांना जेवू घालत आणि रात्री कीर्तन करत. मग नाशिक, देहू, आळंदी, त्र्यंबकेश्वर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. काही ठिकाणी सदावर्ते सुरू झाली. पैसा लोकांचा होता. गोळा केलेल्या पैशातला एक पैसाही त्यांनी आपल्या घराकडे वळू दिला नाही, आणि या इमारतींवर आपल्या नातलगांचा हक्क राहणार नाही याची काळजी घेतली. स्वतः ते त्या धर्मशाळांतही मुक्कामाला राहत नसत. बाहेर कुठे तरी गोणपाट टाकून निजत.

आता खारेपाटणकडे येऊ. मुंबईहून गोव्याकडे येताना राजापूर मागे पडले की आपल्या जिल्ह्यातले पहिले मोठे गाव लागते ते खारेपाटण. आपल्यापैकी अनेकजण मुंबईहून सणाला येताना तिथे चहाला उतरतात. १९२३ साली सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. तेव्हा हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होते. मे महिन्यात गाडगेबाबा तिथे कीर्तन करत होते. त्यांचे कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. ते समोरच्या शेतकऱ्याला वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे कोंबडे-बकरे कापू नका, मुलांना शाळेत घाला, दारूला शिवू नका. कीर्तन रंगात आले असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांच्या हाती आली. जे घर झोपेत सोडून ते बाहेर पडले होते, त्या घराचा हा मुलगा. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. माणसे रोज मरतात, एकासाठी रडून काय करू, अशा अर्थाचा अभंग त्यांनी आळवला आणि पुढे चालू लागले.

हा प्रसंग आमच्या मनाला अजून टोचतो. त्यात वैराग्य आहे हे खरे, पण आम्हाला त्याहून जास्त एकटेपणा दिसतो. त्या रात्री खारेपाटणमध्ये त्यांच्याजवळ आपले म्हणावे असे कोणी नव्हते. समोर हजार माणसे आणि खांद्यावर हात ठेवायला एकही नाही. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे सर्वांत मोठे दुःख भूक आहे की एकटेपणा, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही लगेच उत्तर देऊ शकणार नाही. आणि म्हणूनच रस्त्यावरच्या माणसाने सांभाळलेल्या कुत्र्याकडे आम्ही हल्ली निराळ्या नजरेने पाहतो.

मुक्या जनावरांविषयी बाबांनी काय केले ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तिकडे कमी लक्ष जाते. जत्राजत्रांतून नवसाची बकरी कापली जात. बाबा तिथे जाऊन दोन-दोन दिवस आधीपासून झाडलोट करत, कीर्तने करत, लोकांना हात जोडत. काही ठिकाणी लोकांनी ऐकले. वरवंडे येथे १९३१ साली त्यांच्या सांगण्यावरून पशुहत्या बंद झाली, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे. मूर्तिजापूरला १९२५ साली त्यांनी गोरक्षणाचे काम हाती घेतले. त्याच गावात धर्मशाळा आणि शाळाही बांधली. गोरक्षण हा शब्द आज ज्या आवाजात ऐकू येतो त्यामुळे आपल्यापैकी काहीजण दचकतील, ते आम्ही समजू शकतो. बाबांच्या गोरक्षणात कोणावर काठी उगारलेली नव्हती. नांगराला न चालणारा बैल आणि आटलेली गाय यांना दुष्काळात कोणी विचारत नाही, त्यांना चारापाणी मिळावे एवढाच त्याचा अर्थ होता. त्यांच्या कामाचा सारांश म्हणून जी दशसूत्री पुढे प्रसिद्ध झाली, तिच्यात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा ही कलमे आहेत, आणि त्याच यादीत पशुपक्ष्यांना अभय हेही आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय ज्यांना पाठ आहे त्यांना यादीचा पहिला भाग ओळखीचा वाटेल. प्राण्यांचे कलम बाबांचे आहे.

बाबांनी स्वतः कुत्रा पाळला नव्हता, आणि फुटपाथवरच्या माणसाने कुत्रा पाळावा की नाही यावर त्यांनी कीर्तनही केले नाही. आजचे शब्द त्यांच्या तोंडी घालण्याचा आमचा इरादा नाही. पण माणसाला आसरा आणि जनावराला अभय ही दोन कामे ज्याने एकाच झोळीतून केली, त्याच्याकडे घेऊन जावा असा प्रश्न आपल्यापुढे आहे.

तो आता मांडतो. गेल्या पावसाळ्यापासून मासळी बाजाराजवळच्या बंद गाळ्याच्या पायरीवर एक वयस्क गृहस्थ राहतात. पूर्वी ते ट्रॉलरवर खलाशी होते, हात अधू झाल्यापासून काम नाही. त्यांच्याबरोबर दोन कुत्री असतात. आपल्या विन्सेंट दी पॉल सोसायटीच्या सभासदांनी त्यांना हॉलच्या मागच्या पडवीत रात्री निजायला जागा देऊ केली, दोन वेळच्या जेवणाचीही सोय केली. कुत्र्यांना मात्र आवाराबाहेर ठेवावे, असे सांगितले. गृहस्थांनी नम्रपणे नकार दिला आणि ते पायरीवर परत गेले. त्यानंतर पॅरिशमध्ये दोन तट पडले आहेत. एक काका म्हणतात, ज्याला कुत्र्यापुढे निवारा नको त्याला निवाऱ्याची गरजच नाही. एक बाई म्हणतात, ती कुत्री रात्री त्यांच्या पायाशी ऊब देतात, ती सोडून कोण येईल?

आमच्या मते काकांचा मुद्दा वरवर तर्काचा वाटतो, पण त्यात एक चूक आहे. आपण माणसाला जागा देत नाही आहोत, आपण त्याला अदलाबदल करायला सांगतो आहोत. छप्पर घे आणि सोबत दे. ज्याच्याजवळ दुसरे काहीच उरलेले नाही त्याच्याकडे शेवटची वस्तू मागायची, आणि त्याने ती दिली नाही की त्याला गरज नाही असा निष्कर्ष काढायचा. चोखामेळा धर्मशाळेच्या आधीच्या पंढरपुरातही वारकऱ्याला जागा नाकारताना असेच काही नियम सांगितले जात होते.

शंका प्रामाणिक आहेत आणि त्यांना उत्तर हवे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, २४१६ ते २४१८ या परिच्छेदांत, प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी माणसाने प्रेमाने वागले पाहिजे, असे म्हटले आहे. पण माणसांच्या हालअपेष्टा दूर करायला आधी जायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणे योग्य नाही, असेही तिथेच सांगितले आहे. एका सभासदाने हाच परिच्छेद आमच्यापुढे ठेवला, ते बरे केले. संत थॉमस अक्वायनस तर प्राण्यांना विवेकी आत्मा नाही असे मानतो, आणि त्यांच्याशी क्रूरपणे वागू नये याचे मोठे कारण म्हणजे त्या सवयीने माणूस माणसाशीही क्रूर होतो, असे सांगतो. सेमिनारीत हा युक्तिवाद आम्हाला जरा कोरडा वाटायचा. पण तो जरी जसाच्या तसा घेतला, तरी इथे प्रश्न माणूस की कुत्रा असा नाहीच. कुत्र्याला आत घेतल्याशिवाय माणूस आत येत नाही. दोन पावशेर भात जास्त शिजेल तो माणसासाठीच शिजेल.

दुसरी शंका कुत्रा चावण्याची. हॉलमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुले येतात, ही काळजी रास्त आहे. रेबीज झाल्यावर उपाय नाही, पण तो टाळता येतो. कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्यायची, नसबंदी करून घ्यायची. हे काम पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत होते. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करायची. बाजारातल्या पायरीवर बिनलसीची कुत्री मोकळी असणे आणि पडवीत लस दिलेली दोन कुत्री रात्री दोरीला असणे, यांत मुलांना धोका कशात जास्त, याचा आईबापांनी शांतपणे विचार करावा. तिसरी शंका घाणीची. त्यावर गाडगेबाबांचे उत्तर आपल्याला माहीत आहे, त्याला दांडा लागतो.

हा प्रश्न आपल्याच गावापुरता आहे असे समजू नये. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशात चारा छावण्या निघाल्या तेव्हा म्हसवडसारख्या ठिकाणी शेतकरी कुटुंबे जनावरांसकट छावणीत येऊन राहिली. बायका तिथेच चुली मांडत होत्या. जनावरे इथे ठेवा आणि तुम्ही घरी जा असे कोणी म्हटले नाही, म्हटले असते तर कोणी आलेही नसते. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे अनेकांनी गोठ्यातली गुरे सोडून बोटीत बसायला नकार दिला, त्याच्या बातम्या आपण वाचल्या. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सची कितीतरी माणसे कुत्र्यामांजरांना टाकून निघायला तयार झाली नाहीत. दुसऱ्याच वर्षी, २००६ मध्ये, तिथल्या संसदेने कायदा केला की आपत्तीच्या वेळी लोकांना हलवण्याच्या योजनेत त्यांच्या पाळीव प्राण्यांचीही सोय धरलीच पाहिजे. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये बेघरांच्या निवाऱ्यांना प्राण्यांचे खाणे, पिंजरे आणि औषधोपचार यांसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली. श्रीमंत देशांचे चोचले, असे कोणी म्हणेल. पण माणदेश श्रीमंत नव्हता.

आणि आपल्या घरातली गोष्ट आपण विसरतो. १६ ऑगस्टला ज्याचा सण येतो त्या संत रोकची प्रतिमा आठवा. मांडीवर जखम, हातात यात्रेकरूची काठी आणि पायाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा. फ्रान्समधल्या मोंपेलिए गावचा हा श्रीमंत घरचा तरुण सारे वाटून टाकून भटक्या यात्रेकरू झाला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडला आणि पियाचेन्साजवळच्या रानात एकटा पडून राहिला, असे परंपरा सांगते. गावाने त्याला बाहेर काढले होते. एका घरचा कुत्रा रोज भाकरी पळवून त्याला नेऊन देई. त्या कुत्र्याच्या मागोमाग त्याचा मालक आला म्हणून रोक वाचला. प्लेगच्या भीतीने आपल्या पूर्वजांनी या संताची करुणा भाकली. जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर त्याच्या नावाचे येशूसंघाचे कॉलेजही होते. त्या प्रतिमेतला कुत्रा आपण देवळात ठेवला आहे, चांगला उंचावर.

गायणीचा गोठाही आता आपली मुले बांधायला घेतील. संत लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, सराईत जागा नव्हती हे आहे, पण बैल आणि गाढव यांचा उल्लेख नाही, हे किती जणांनी लक्षात घेतले आहे? ते यशया प्रवक्त्याच्या आधाराने परंपरेने आणले. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला तेव्हा त्याने खरा बैल आणि खरे गाढव उभे केले होते. मूर्तीच्या बैलाला वास येत नाही, ही आपल्या गोठ्याची सोय आहे.

बाबांच्या अखेरच्या वर्षांकडे वळून हे आवरते घेतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांना फार आदर होता. १९४९ साली त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ८ फेब्रुवारी १९५२ ला सर्व संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून गाडगेबाबा मिशन स्थापन झाले. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. ती रुग्णांसाठी नव्हे, रुग्णांच्या नातेवाईकांसाठी. खेड्यातून आजारी माणसाला घेऊन येणारी बायको किंवा भाऊ फुटपाथवर निजतो, आणि आत खाटेवरचा रोगी त्याच्या काळजीने आणखी खंगतो, हे बाबांनी पाहिले होते. डॉक्टरांना रोगी दिसतो, बाबांना त्याच्या बरोबर आलेले माणूसही दिसले.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झालेले असल्यामुळे तो खडबडीत आवाज आजही ऐकायला मिळतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ती बातमी म्हाताऱ्या बाबांना फार लागली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांनी प्राण सोडला. वय ऐंशी वर्षांचे होते. आयुष्यभर कोणत्याही घरात मुक्काम न केलेला माणूस रस्त्यातच गेला. त्यांची समाधी अमरावतीला आहे.

दादरला त्यांच्या नावाची आणखी एक धर्मशाळा १९८४ पासून चालू आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या रुग्णाला तिथे अल्प दरात राहता येते आणि त्याच्या सोबतच्या माणसालाही ठेवून घेतात. आपल्या पॅरिशमधून मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या कुटुंबांनी तिकडे चौकशी करावी. पडवीचा विषय पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर घेतला आहे. ज्यांना विरोध आहे त्यांनीही अवश्य यावे. पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीविषयी बोलून ठेवले आहे. कोणाकडे जुनी जाड गोणपाटे आणि एखादी मजबूत दोरी असेल तर ती ऑफिसात आणून द्यावी.